शून्य बिलाच्या घरांना आरसीसीबीही द्या

मा. ऊर्जामंत्री, कर्नाटक सरकार, बेंगळूरु यांस,

स. न. वि. वि.

मी बेळगावात घरगुती वायरिंगची कामे करतो. वडगाव-शहापूरच्या दाटीपासून खानापूरकडच्या खेड्यांपर्यंत. पत्र मराठीत लिहिले, कारण ज्यांच्या न्हाणीघरांविषयी ते आहे त्यांनीही ते वाचावे. कानडी प्रत आपल्या कार्यालयाकडे वेगळी पाठवतो.

मागणी आधीच सांगतो. गृहज्योती योजनेत २०२३ पासून २०० युनिटपर्यंत वीज मोफत मिळते. त्या घरांच्या मीटरबोर्डावर सरकारने ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागला की पुरवठा तोडणारा स्विच) बसवून द्यावा आणि त्याच वेळी अर्थिंग, म्हणजे जमिनीशी असलेली जोडणी, मोजावे.

गरिबांसाठीच्या भाग्यज्योती योजनेच्या जुन्या जोडण्या एक-दोन दिव्यांपुरत्या होत्या. आज त्याच वायरीवर पाणी तापवायची हजार-दीड हजार वॉटची कॉइल चालते. पूर्वी बंब होता. धुराने डोळे चुरचुरायचे, पण शॉक कुणाला बसला नाही. कॉइलला तीन पिनांचा प्लग असतो आणि बोर्डात दोनच भोके, मग वरची जाड पिन सरळ मोडून टाकतात. ती पिन लांब ठेवलेली असते ती अर्थ आधी जोडला जावा आणि शेवटी सुटावा म्हणून, हे दुकानदारही सांगत नाही.

ज्या घरांत अर्थ होता तिथेही तो हळूहळू गेला आहे. जुने वायरमन अर्थची वायर पाण्याच्या लोखंडी पाइपला गुंडाळत. पुढे पाइप प्लॅस्टिकचे झाले, पण वायर तशीच राहिली आणि आता ती जमिनीला कुठेच पोचत नाही. काही ठिकाणी मधलाच तुकडा बदलला, न्हाणीघरातला नळ आणि पाइप लोखंडीच आहेत. अशा घरात गिझर बिघडला की करंट नळात उतरतो. ‘नळाला हात लावला की मुंग्या येतात’ ही तक्रार थंडीत नेहमी ऐकू येते. गिझरचे अंग, लोखंडी पाइप आणि नळ एकाच हिरव्या वायरीने बांधून ती मुख्य अर्थला नेली, तर दोन धातूंमध्ये व्होल्टेजचा फरक उरत नाही. काम तासाभराचे आहे, पण ते कुणी मागत नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे जंपर. सॉकेटमध्ये न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) आणि अर्थ वायरच्या तुकड्याने जोडून ‘अर्थ दिला’ म्हणायचे. दिवा लावून पाहिला तर झकास पेटतो. एखाद दिवशी न्यूट्रल सुटला की गिझरच्या अंगावर पूर्ण २३० व्होल्ट उभे राहतात. असे काम करणाऱ्याला मी वायरमन म्हणणार नाही.

लोक म्हणतात, ‘एमसीबी आहे ना!’ एमसीबी म्हणजे जास्त करंट गेला की पडणारा स्विच; तो वायर जळण्यापासून वाचवतो, माणसाला नाही. आमच्याकडे जांभ्याच्या जमिनीत अर्थ लागणे मुळातच अवघड, आणि उन्हाळ्यात काळी जमीनही भेगाळते. अर्थच्या मीठ-कोळशाच्या खड्ड्यात पाणी घालायची आठवण कुणाला राहत नाही. अर्थचा रोध २० ओहम झाला, तर बिघडलेल्या गिझरमधून साडेअकरा अँपिअरच जमिनीत जातील. १६ अँपिअरचा एमसीबी ढिम्म हलणार नाही आणि गिझरचे अंग तसेच जिवंत राहील. ओल्या अंगाचा रोध हजार ओहमच्या आसपास धरला, तर त्याला हात लावणाऱ्या माणसातून २०० मिलिअँपिअरच्या आसपास करंट जातो. एवढ्याने हृदय थांबू शकते.

आरसीसीबी गेलेला आणि परत आलेला करंट ताडून पाहतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत पुरवठा तोडतो. अर्थ कच्चा असला तरी तो काम करतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम धरले तर मात्र वाचवणार नाही, हेही लोकांना सांगायला हवे. ‘आरसीसीबी उगाच पडतो’ म्हणून कित्येकांनी तो काढून टाकला आहे. उगाच पडत नाही! बहुतेकदा तो कुठला तरी जंपर पकडत असतो. मग जंपर राहतो आणि आरसीसीबी जातो.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या नियमांत घरगुती जोडणीसाठी ३० मिलिअँपिअरचीच मर्यादा होती, पण ५ किलोवॉटखालच्या घरांना त्यातून सूट होती. कॉइल वापरणारे घर नेमके त्या सुटीत बसत होते. म्हणून म्हणतो, नियमाची वाट न पाहता योजनेतूनच द्या. गिझरच्या किमतीहून कमी खर्च आहे.

नव्या जोडणीला कंत्राटदाराचा कंप्लिशन रिपोर्ट लागतो. त्यात अर्थचा रोध अर्थ मेगरने (अर्थ टेस्टरने) मोजून लिहिलेला असावा आणि तो आकडा निरीक्षकाने दहातल्या एका घरी तरी जाऊन पडताळावा. महिन्यातून एकदा आरसीसीबीवरचे चाचणीचे ‘टी’ बटण दाबा आणि पाण्यात हात घालण्याआधी कॉइलचा प्लग काढा, एवढे दोन मुद्दे बिलाच्या मागे सीमाभागात कानडीबरोबर मराठीतही छापावेत.

डिसेंबरात अधिवेशनासाठी आपण सुवर्णसौधला येताच. तेव्हा इथे थंडी असते आणि घरोघरी कॉइल लागलेली असते. एक सकाळ काढा. अर्थ मेगर घेऊन मी बरोबर येईन, कुठल्या गल्लीत जायचे ते आपणच ठरवा.

आपला,
बेळगावचा एक वायरमन