शिक्षा कोणाला झाली, हे तरी नीट छापा

मा. संपादक,
स. न.

कालच्या क्रीडा पुरवणीतील हॅम्बलटोनियन शर्यतीवरचा लेख वाचला. निष्पाप घोड्याचे बक्षीस हिरावले गेले आणि त्याचा 'सारथी' मोकळा सुटला, असा एकंदर सूर. सूर मोठा करुण लागला आहे, माहिती मात्र निम्मीच आहे. एकाच माणसाला एका लेखात सारथी, जॉकी आणि टांगेवाला अशी तीन पदे बहाल करण्याचे औदार्यही दिसले. हॅम्बलटोनियन ही हार्नेस रेसिंग, म्हणजे गाडीला जुंपलेल्या घोड्यांची शर्यत. तीत जॉकी नसतो. घोड्यामागे सल्की नावाची दोन चाकांची हलकी गाडी असते आणि तीत बसतो तो ड्रायव्हर. सारथीच म्हणायचे तर माझी हरकत नाही. पण शल्यानेसुद्धा कर्णाचे मन मोडले, दुसऱ्याच्या घोड्याची चाल नव्हे.

आणि इथे सगळा प्रश्न चालीचाच आहे. लेखकाने तेवढेच गाळले.

२०१७ साली न्यू जर्सीतील मेडोलँड्सच्या मैदानावर 'व्हॉट द हिल' हा घोडा सर्वांत आधी रेषेपार गेला, जजनी त्याला नवव्या स्थानावर टाकले आणि 'परफेक्ट स्पिरिट' विजेता ठरला. हे तुम्ही छापलेत. 'गार्डियन एंजल' या घोड्याचे नावही छापले नाहीत. शेवटच्या सरळ पट्ट्यात 'व्हॉट द हिल' वाट काढायला बाहेर सरकला आणि मागून येणाऱ्या याच घोड्याची चाल मोडली. नववे स्थान कोणी चिठ्ठी टाकून काढलेले नाही. घोडा खाली आणायचा झाला, तर ज्याला अडवले त्याच्या मागेच त्याला ठेवावे लागते, असा नियम आहे. पुढे अपील झाले, तरी निकाल बदलला नाही.

चाल मोडते म्हणजे काय, हे वाचकाला कळल्याशिवाय 'जरासा धक्का' हा तुमचा शब्द फसवा ठरतो. हॅम्बलटोनियन ही तीन वर्षांच्या ट्रॉटर घोड्यांची शर्यत आहे. ट्रॉट म्हणजे आपली दुडकी: पुढचा डावा आणि मागचा उजवा पाय एकदम, मग उलट. हार्नेस रेसिंगमधले दुसरे, पेसर घोडे एका अंगाचे दोन्ही पाय एकदम टाकतात. सारंगखेड्याच्या बाजारात नावाजली जाणारी रेवाल चाल या पेसर चालीची सख्खी नसली तरी चुलत बहीण म्हणता येईल. पेसरच्या पायांना बहुधा चाल सांभाळणारे पट्टे असतात. ट्रॉटर बहुधा मोकळा धावतो, म्हणून तो लवकर बिथरतो आणि चौखूर उधळतो. उधळला की ड्रायव्हरने त्याला मोकळ्या जागी बाहेर काढायचे, लगाम खेचून पुन्हा दुडकीवर आणायचे आणि या खटपटीत अंतर गमावायचे, असा नियम आहे. चांगला ट्रॉटर मैलभर अंतर १ मिनिट ५२ सेकंदांत कापतो, म्हणजे सेकंदाला १४ मीटरहून अधिक. तीन सेकंद सावरण्यात गेले की शर्यत संपलीच. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर घोड्याला धक्का लागला तर तो निदान त्याच चालीत पुढे पळू शकतो. इथे ती सोय नाही.

त्यात चाके. मागच्या घोड्याचे नाक पुढच्या ड्रायव्हरच्या हेल्मेटला टेकेल इतके जवळ असते आणि त्याचे पुढचे पाय चाकाच्या वितीभर अंतरावर आपटत असतात. पुढचा अर्धा हात जरी आडवा सरकला, तरी मागच्याने एक तर लगाम खेचायचा, नाही तर खूर चाकात घालायचा. म्हणून युनायटेड स्टेट्स ट्रॉटिंग असोसिएशनच्या नियमात टक्कर झालीच पाहिजे असे म्हटलेले नाही. मागच्या घोड्याला टाप आखडती घ्यावी लागली, एवढ्यानेही गुन्हा पुरा होतो. दुसऱ्याच्या घोड्याखाली चाक सारणे, चाकात चाक अडकवणे, पुढे जाऊन अचानक वेग कमी करणे, बाहेरच्याला आणखी बाहेर रेटत नेणे, हे सगळे तिथे वेगवेगळे नोंदलेले आहे. पुढच्याला चिकटून राहणे शक्य असताना मुद्दाम मागे राहून मित्राला फट करून देणेसुद्धा.

आता 'मोकळा सुटला' याविषयी. घोड्याचे स्थान आणि ड्रायव्हरची शिक्षा हे दोन वेगळे निर्णय असतात. पहिला बक्षिसासाठी आणि पैसे लावणाऱ्यांसाठी त्याच दिवशी, निकाल अधिकृत होण्याआधी घ्यावा लागतो. दुसरा चित्रफीत सावकाश पाहून, ड्रायव्हरला समोर बसवून घेता येतो. समोरून घेतलेल्या फितीत बरेच काही उघडे पडते. घोडा डावीकडे ओढतो आहे आणि ड्रायव्हर उजवीकडे झुकून उजवा लगाम ताणतो आहे, तर दोष हाताचा नाही. दोन्ही लगाम एका मुठीत घेऊन दुसऱ्या हाताने चाबूक चालला असेल, तर सुकाणूच सोडलेले असते; शिवाय उजवीकडून चाबूक बसला की घोडा डावीकडे सरकणारच. आणि घोडा दर वेळी एकाच बाजूला ओढत असेल, तर मानेलगत लावायची सरळ काठी, म्हणजे हेड पोल, का लावला नव्हता, हे ट्रेनरला विचारायला हवे. तोंडात दुखते आहे का, पाय दुखतो आहे का, हेही. ऑस्ट्रेलियाच्या नियमात निष्काळजी, बेदरकार आणि अकुशल हाकणे ही कलमे वेगळी आहेत. हे शहाणपणाचे आहे, कारण तिन्हींना एकच औषध लागू पडत नाही.

माझी खरी तक्रार शिक्षेच्या मापाबद्दल आहे, आणि त्या बाबतीत तुमचा लेखक चुकून का होईना खऱ्याच्या जवळ गेला होता. हिशेब पाहा. दहा लाख डॉलरच्या शर्यतीत निम्मे, म्हणजे पाच लाख, पहिल्याचे. त्यातले रिवाजाप्रमाणे ५ टक्के ड्रायव्हरचे आणि ५ टक्के ट्रेनरचे. घोडा नववा झाला की मालकाचे साडेचार लाख गेले, हाकणाऱ्याचे २५ हजार. त्याच नियमपुस्तकात ड्रायव्हरला बक्षिसाच्या पूर्ण रकमेइतका दंड करण्याची मुभा आहे, पण प्रत्यक्षात हातात पडतात काही दिवस घरी बसण्याचे. दिवसही कसे? रात्री आठ-आठ घोडे हाकणाऱ्याला पाच दिवस म्हणजे चाळीस घोडे. आठवड्याला एक हाकणाऱ्याला पाच दिवस म्हणजे बहुतेक काहीच नाही. बंदी दिवसांवर मोजण्याऐवजी शर्यतींवर का मोजत नाहीत? वर अपील केले की बहुधा स्थगिती मिळते. मोठ्या शर्यती उरकायच्या आणि मग थंडीच्या दिवसांत, मैदान ओस असताना, बंदी भोगून टाकायची. याला शिक्षा म्हणायचे की सुटी, ते तुम्हीच ठरवा.

ज्याची चाल मोडली त्याचे काय, हे तर कोणीच विचारत नाही. बक्षीस पहिल्या पाचांत वाटले जाते. अडवणारा घोडा त्याच्या मागे गेला, तेवढ्याने अडवलेला काही पहिल्या पाचांत येत नाही. ड्रायव्हरकडून घेतलेला दंड त्याच्या मालकाकडे जावा, एवढे कलम घालायला काय हरकत आहे? तुमच्या लेखात 'निष्पाप घोडा' या शब्दांचा मान चुकीच्या घोड्याला मिळाला आहे.

जाता जाता छायाचित्राविषयी. लेखाखालच्या चित्रात पाठीवर जॉकी घेतलेले थरोब्रेड चौखूर धावत आहेत. एकही सल्की नाही, एकही चाक नाही. या शर्यतीत अशा चालीने रेषेपार जाणाऱ्याला जज बोलावून घेतात.

आणखी एक. पुण्याच्या हंगामाचे निकाल तुम्ही शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत छापता आणि कोणत्या जॉकीला आडवा घोडा घातल्याबद्दल स्टुअर्ड्सनी, म्हणजे तिथल्या पंचांनी, किती दिवस बसवले, हे पूर्ण गाळता. न्यू जर्सीच्या जजना धडे देण्याआधी ती एक ओळ छापायला सुरुवात करावी. राशिभविष्याची जागा त्यासाठी पुरेल.

आपला,
एक वाचक, एडिसन (न्यू जर्सी)