हिरड्यांचे दुखणे आणि हळदीचा अर्धवट सल्ला

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

हिरड्यांतून रक्त येत असल्यास हळद-मीठ चोळावे, असा सल्ला वृत्तपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांतून वरचेवर दिला जातो. हळदीतील कर्क्युमिन या द्रव्यावर गंभीर संशोधन झालेले आहे. म्हणूनच हा सल्ला अर्धवट दिला जाऊ नये, असे एक दंतवैद्य म्हणून मला कळकळीने वाटते.

पायोरियाची, म्हणजे हिरड्या आणि दाताभोवतीचे हाड झिजवणाऱ्या आजाराची, सुरुवात हिरडीच्या कडेला साचणाऱ्या जंतूंच्या थरापासून होते, हे खरे. पण पुढे दाताभोवतीचे हाड झिजते ते बव्हंशी त्या जंतूंना परतवण्यासाठी धावून आलेल्या, पण वेळेवर न थांबलेल्या आपल्याच प्रतिकारशक्तीमुळे. पांढऱ्या पेशींतून बाहेर पडणारी विकरे (एन्झाइम्स) हिरडीला बळकटी देणारे कोलॅजन हे प्रथिन तोडतात आणि इंटरल्यूकिन-१, टीएनएफ-अल्फा यांसारखी दाहकारक द्रव्ये हाड विरघळवणाऱ्या पेशींना चेतवतात. दाहाशी संबंधित जनुके जागी करणाऱ्या एनएफ-कप्पा-बी या प्रथिनाला कर्क्युमिन आवर घालते, तर हिरव्या चहातील ईजीसीजी हे द्रव्य कोलॅजन तोडणाऱ्या विकरांना अडवते, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. शरीराचा प्रतिसाद सौम्य करून हिरड्या वाचवण्याची ही कल्पना हवेतली नाही. अमेरिकेत १९९८ साली डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाच्या २० मिलिग्रॅम इतक्या अल्प मात्रेला मान्यता मिळाली, तीही जंतू मारण्यासाठी नव्हे, तर ही विकरे रोखण्यासाठी.

तरीही प्रयोगशाळेतले कर्क्युमिन आणि स्वयंपाकघरातली हळद यांत मोठे अंतर आहे. हळदीत कर्क्युमिनचे प्रमाण मुळातच थोडे असते आणि पोटात गेलेले कर्क्युमिन रक्तात फारच कमी उतरते. निरोगी हिरडी आणि दात यांमधली फट साधारण १ ते ३ मिलिमीटर असते. आजारात ती ५-६ मिलिमीटर किंवा त्याहूनही खोल जाते, आणि बोटाने चोळलेली पूड तिच्या तळाशी पोहोचत नाही. तिथे मुळाला घट्ट चिकटलेले खरबरीत, काळपट कीटण उपकरणानेच खरवडून काढावे लागते. कर्क्युमिन जेलच्या ज्या चाचण्यांत गुण दिसला, त्यांतल्या बहुतेकांमध्ये ते जेल अशा सफाईनंतर, तिला जोड म्हणून वापरले होते, आणि त्या चाचण्याही बहुधा लहान व थोड्या मुदतीच्या होत्या.

मशेरी, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, लावणाऱ्यांबद्दल तर वेगळेच सांगायला हवे. आपल्याकडे अनेक स्त्रिया हिरड्या घट्ट होतात या समजुतीने ती लावतात. तंबाखूमुळे हिरडीतून रक्त येणे कमी होऊ शकते, त्यामुळे आजार आत वाढत असूनही बाहेर काहीच दिसत नाही आणि दात हलू लागल्यावरच त्या दवाखान्यात येतात.

यापुढे असा घरगुती उपाय छापताना, त्याने कीटण निघत नाही, रक्त थांबले तरी हिरड्या तपासून घ्याव्यात आणि मधुमेह असल्यास मुळीच वेळ घालवू नये, एवढे त्याच चौकटीत आवर्जून छापावे, ही विनंती.

आपला,
एक दंतवैद्य, सातारा