इम्पल्सवाल्यांनो, आधी सस्पेन्शन बघा!

मा. संपादक, स.न.वि.वि.

तुमच्या गाड्यांच्या पानावर सगळं नव्या मॉडेलचं असतं, पण २०११ साली आलेली हिरो इम्पल्स बाइक अजूनही सह्याद्रीतल्या कच्च्या रस्त्यांवर जोरात पळतेय तिच्याबद्दल कुणीच लिहीत नाही, म्हणून हे पत्र. गाडी १५० सीसीची पण दणकट, आणि पोरं आधी सायलेन्सर नि लाइटांवर पैसे उडवतात, बघून खरंच वाईट वाटतं. आधी फोर्क ऑइल, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनच्या नळ्यांतलं तेल, बदला ना! जुनं ऑइल पार पाण्यासारखं होतं मग खड्ड्यात फोर्क थेट तळाला आपटतो. फोर्कच्या दोन्ही लेगमध्ये (नळ्यांमध्ये) ऑइलची लेव्हल सारखीच पाहिजे, आणि मागची स्प्रिंग अशी सेट करा की आपण बसल्यावर साधारण एक तृतीयांश ट्रॅव्हल (म्हणजे सस्पेन्शन जेवढं खालीवर होतं तेवढं अंतर) दबेल.

कार्बोरेटर, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणारा भाग, मात्र घाईचं काम नाही. सायलेन्सर मोकळा केला की मिक्श्चर लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं, मग मेन जेट (पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) एक साइज मोठा लागतो. स्पार्क प्लग काढून बघा, पांढरा पडला तर लीन, काजळी धरली तर रिच (पेट्रोल जास्त), फिकट तपकिरी असला की जमलं. स्पिती-लडाखला उलटं, हवा विरळ म्हणून जेट लहान लागतो.

ही कामं मन लावून करणारे जुने मेकॅनिक गावोगाव आहेत, महिन्यातून एकदा तरी त्यांना छापा की!

- एक वाचक, नाशिक