नवशिक्यांच्या ट्रॅक डेला पावसात प्रशिक्षकाविना गाडी चालवायला लावल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा
ट्रॅक ड्रायव्हिंग प्रशिक्षण विभाग, पुणे कार्यालय

दिनांक : 24 नोव्हेंबर

विषय : जाहिरातीत कबूल केलेलं प्रशिक्षण न देणं, अनामत रकमेतून केलेली कपात आणि शुल्काचा परतावा

महोदय / महोदया,

नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई इथल्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर आपण नवशिक्यांसाठी ट्रॅक डे, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी चालवायला शिकण्याचा दिवस, ठेवला होता. मी पुण्याहून त्यासाठी आले होते. त्या दिवशीच्या प्रकाराबद्दल मी ईमेल केली, तेव्हा आपल्याकडून चार ओळींचं उत्तर आलं. पाऊस ही नैसर्गिक आपत्ती असल्याने अटींनुसार परतावा मिळणार नाही, पुढच्या कार्यक्रमाला पंधरा टक्के सवलत घ्यावी. माझ्या एकाही मुद्द्याचं उत्तर त्यात नव्हतं, म्हणून आता स्पीड पोस्टाने सविस्तर लिहीत आहे.

माझी तक्रार पाऊस पडल्याची नाही. पाऊस पडावा अशी माझी इच्छाच होती. नोंदणी करताना फोनवर मी आपल्या प्रतिनिधीला विचारलंही होतं की पाऊस आला तर ट्रॅक बंद करणार का. ते म्हणाले, "नाही मॅडम, ओल्या ट्रॅकवर शिकायला मिळालं तर तुमचं नशीब चांगलं." मला ते पटलं होतं. पावसाळ्यात मी दर आठवड्याला मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरून जाते, ताम्हिणी घाटही मला नवा नाही. पण ओल्या रस्त्यावर गाडीची पकड नेमकी कुठे सुटते आणि सुटल्यावर हातापायांनी काय करायचं, हे सार्वजनिक रस्त्यावर शिकता येत नाही. तिथे समोरून ट्रक येत असतो, बाजूला कठडा असतो. समोरून कुणी येणार नाही आणि शेजारी जाणकार माणूस बसलेला असेल, अशा जागी हे शिकावं म्हणून मी 38,500 रुपये भरले. माझी मुलगी यंदा लायसन्स काढणार आहे. तिला गाडी शिकवण्याआधी मला स्वतःला नीट शिकायचं होतं.

आणि हा पाऊस अनपेक्षित होता, हे म्हणणं मला मान्य नाही. चेन्नईत वर्षभरातला निम्म्याहून अधिक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर पडतो. आपली कंपनी तिथे कार्यक्रम घेते, तेव्हा हे आपल्याला माहीत असणारच. नोव्हेंबरची तारीख आपण निवडली. त्या तारखेला पाऊस येईल असं धरून तयारी करणं आपलं काम होतं.

जाहिरातीत, आणि मला पाठवलेल्या पुष्टीच्या ईमेलमध्येही, तीन गोष्टी स्पष्ट लिहिल्या होत्या : नवशिक्यांच्या गटात प्रत्येक सत्रात शेजारी प्रशिक्षक असेल, हवामानानुसार वेगळं ब्रीफिंग होईल आणि गाड्या ट्रॅकसाठी तपासून तयार केलेल्या असतील. तिन्ही गोष्टी पाळल्या गेल्या नाहीत.

पहिलं सत्र चांगलं झालं, हे आधी सांगते. ट्रॅक दमट होता, पाऊस भुरभुरता होता. माझ्याबरोबर बसलेल्या तरुण प्रशिक्षकाने वीस मिनिटांत जे शिकवलं ते मी विसरणार नाही. ब्रेक वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच लावायचा. मग स्टीअरिंग वळवत नेताना पाय हळूहळू उचलायचा. टायरकडे पकड मोजकीच असते, ती ब्रेकला दिली की वळायला उरत नाही आणि वळण्यात खर्च केली की ब्रेकला उरत नाही. हे त्याने बोलून सांगितलं आणि मग प्रत्येक वळणावर करून घेतलं. या पत्रामुळे त्या मुलावर कुठलीही कारवाई होऊ नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. त्या दिवशी आपलं काम करणारा तोच एक होता.

दहाच्या सुमारास पावसाने जोर धरला. अर्धा तास गाड्या पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांब्यावर, थांबवल्या. त्यानंतर आपल्या समन्वयकाने माइकवरून जाहीर केलं की सुरक्षिततेच्या कारणास्तव प्रशिक्षक आता गाडीत बसणार नाहीत, सहभागींनी आपापल्या सत्राला एकट्याने जावं, वेग कमी ठेवावा. ब्रीफिंग म्हणून एवढंच. आमच्यातल्या एका गृहस्थांनी हात वर करून विचारलं की ओल्या ट्रॅकवर रेषा, म्हणजे वळणातून गाडी नेण्याचा मार्ग, बदलते का. त्यांना उत्तर मिळालं, "सकाळचीच लाइन धरा."

माझ्या तक्रारीचं मूळ इथे आहे. ज्या पावसात अनुभवी प्रशिक्षकाने शेजारी बसणं आपल्याला धोक्याचं वाटलं, त्याच पावसात आदल्या दिवसापर्यंत ट्रॅक न पाहिलेल्या माणसांना एकटं पाठवणं सुरक्षित कसं वाटलं? आपल्यापुढे दोन सरळ मार्ग होते. सत्र रद्द करायचं, नाहीतर शिकवायचं. आपण शिकवणं थांबवलं आणि गाड्या मात्र चालू ठेवल्या.

"सकाळचीच लाइन धरा" हा सल्ला तर उलटाच होता. कोरड्या ट्रॅकवरची रेसिंग लाइन म्हणजे वर्षानुवर्षं गाड्यांनी झिजवून गुळगुळीत केलेला पट्टा. तिथे टायरचं रबर आणि तेल बसलेलं असतं. कोरड्यात त्या रबरामुळे पकड वाढते, पाणी पडलं की तोच पट्टा सगळ्यात निसरडा होतो. जूनच्या पहिल्या सरीत आपल्याकडे सिग्नलजवळ दुचाकी का घसरतात, त्याचं कारणही असंच आहे. म्हणून ओल्यात वळणाची आतली कड सोडून बाहेरून, खडबडीत डांबरावरून जायचं असतं. वळणाच्या कडेच्या रंगवलेल्या कर्बवर आणि पांढऱ्या रेषांवर चाक न्यायचं नसतं. नेहमीपेक्षा एक गिअर वरचा ठेवायचा, म्हणजे ॲक्सिलरेटर दाबल्यावर चाकं जागच्या जागी फिरत नाहीत. मोटारस्पोर्टमधल्या कुणालाही हे ठाऊक असतं. सांगायला दहा मिनिटं पुरली असती. मला हे संध्याकाळी चहाच्या टपरीवर दुसऱ्या गटातल्या एका अनुभवी चालकाकडून कळलं.

आता गाडीबद्दल. मला दिलेली हॅचबॅक आपल्या कंपनीची होती. तिच्या चारही टायरवर खडूने 26 लिहिलेलं होतं, म्हणजे सकाळी थंड टायरमध्ये 26 पीएसआय हवा ठेवली होती. दारावरच्या, हवेचा योग्य दाब सांगणाऱ्या स्टिकरवर 33 होतं. कोरड्या ट्रॅकवर हवा कमी ठेवतात, कारण टायर तापला की दाब आपोआप चढतो. पावसात टायर तापत नाही, त्यामुळे दाब खालीच राहतो. कमी हवेचा टायर जमिनीवर पसरतो, खाचा मिटतात, पाण्याला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि गाडी कमी वेगातच पाण्यावर तरंगायला लागते. पाऊस सुरू झाल्यावर अर्धा तास सगळ्या गाड्या पिटमध्ये उभ्या होत्या, कॉम्प्रेसरही तिथेच होता. कुणीही हवा बदलली नाही. पुढच्या दोन टायरच्या खाचा तर झिजेची खूण दाखवणाऱ्या उंचवट्याला टेकायला आल्या होत्या. कायद्याने 1.6 मिलिमीटर खोली चालते, पण ती रस्त्यावर वापरण्याची किमान मर्यादा आहे. साचलेल्या पाण्यात, ट्रॅकच्या वेगाला, नवख्या माणसाच्या हातात असा टायर देऊ नये. फोटो सोबत जोडले आहेत, त्यात खडूचा आकडाही दिसतो.

त्याच गाडीतला एसी आणि हीटर वजन कमी करण्यासाठी काढून टाकलेला होता. पावसात काचा बंद, आत हेल्मेट घातलेला माणूस. दुसऱ्या फेरीतच समोरची काच आतून धुरकट झाली. पिटमध्ये येऊन मी सांगितलं, तेव्हा एका मुलाने फडक्याने काच पुसून दिली आणि परत पाठवलं.

मुख्य सरळ पट्ट्यानंतरचं सी-वन हे वेगवान वळण आहे. त्याच्या अलीकडे मार्शलनी, म्हणजे ट्रॅकच्या कडेला उभ्या असलेल्या सर्किटच्या सुरक्षा कर्मचाऱ्यांनी, लाल-पिवळ्या उभ्या पट्ट्यांचा झेंडा दाखवला. मला तो स्वच्छ दिसला. सकाळच्या ब्रीफिंगमध्ये आम्हाला पिवळा, लाल, काळा आणि चौकटींचा असे चारच झेंडे शिकवले होते. लाल-पिवळ्या पट्ट्यांचा झेंडा जगातल्या बहुतेक सर्किटवर हीच गोष्ट सांगतो, की पुढे तेल किंवा पाणी आहे, पकड कमी आहे. पावसाच्या दिवशी सगळ्यात जास्त लागणारा झेंडा हाच, आणि तोच आम्हाला सांगितला नव्हता. मी पिवळा समजून वेग कमी केला, ओव्हरटेकिंग टाळलं. पुढे डाव्या कडेला पाणी साचलेलं होतं. डावी चाकं पाण्यात गेली, उजवी डांबरावर राहिली. स्टीअरिंग एकदम हलकं झालं, इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी डावीकडे फिरली. मी ब्रेक मारला नाही, स्टीअरिंगला झटका दिला नाही. गाडी अर्धी गोल फिरून गवतातल्या चिखलात थांबली. त्याआधी त्याच जागी दुसरी एक गाडी फिरली होती, हे मला नंतर कळलं. म्हणजे ती जागा आपल्या लोकांना माहीत झाली होती. तरीही आम्हाला रेडिओवरून, पिटमधल्या फलकावरून, कुठूनच सूचना मिळाली नाही.

सर्किटच्या मार्शल मंडळींबद्दल माझी काहीही तक्रार नाही. ते भर पावसात मिनिटभरात धावत आले. आधी माझी विचारपूस केली, मग गाडीकडे पाहिलं. मला तमिळ येत नाही, त्यांना मराठी येत नाही, तरी त्यातल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी झेंडा हातात धरून त्याचा अर्थ मला हातवाऱ्यांनी समजावला. ते काम आपल्या प्रशिक्षकाचं होतं.

गाडीला ओरखडासुद्धा आला नव्हता. तरी माझ्या 25,000 रुपयांच्या अनामत रकमेतून "रिकव्हरी आणि स्वच्छता" म्हणून 15,000 रुपये कापले गेले. पावती मागितली, दिली नाही. गाडीतल्या कॅमेऱ्याचं चित्रण मागितलं, तर ते कंपनीच्या मालकीचं आहे असं उत्तर मिळालं. जाहिरातीत "तुमच्या फेऱ्यांचं व्हिडिओ रेकॉर्डिंग मोफत" असं लिहिलेलं आहे.

सकाळी सही घेतलेल्या जबाबदारीमुक्तीच्या फॉर्मकडे आपण बोट दाखवाल, म्हणून त्याबद्दलही लिहिते. ट्रॅकवर गाडी चालवण्यात जोखीम आहे हे मी वाचून, समजून मान्य केलं होतं आणि आजही मान्य करते. नेहमीचा मोटार विमा शर्यत आणि वेगाच्या चाचणीला लागू होत नाही, तेही मला माहीत होतं. पण कबूल केलेला प्रशिक्षक न देण्याला, टायर न तपासण्याला आणि धोक्याची माहिती दडवण्याला मी संमती दिलेली नाही. त्या फॉर्ममध्ये असं एकही वाक्य नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 2(11) मध्ये सेवेतल्या त्रुटीची जी व्याख्या आहे, तिच्यात ग्राहकापासून महत्त्वाची माहिती जाणूनबुजून लपवणंही येतं. आपल्या अटींच्या कागदाने हा कायदा रद्द होत नाही.

त्या दिवशी माझ्या गटात बहुतेक जण आयुष्यात पहिल्यांदा ट्रॅकवर आले होते. दुपारनंतर त्यातले काही जण गाडीत बसलेच नाहीत. एक कॉलेजचा मुलगा, वाढदिवसाची भेट म्हणून आई-वडिलांनी पाठवलेला, पिटच्या भिंतीला टेकून शेवटपर्यंत उभा होता. त्याला कुणी विचारलंही नाही की बाबा, काय झालं. या खेळात नवीन माणसं यावीत असं आपण जाहिरातीत म्हणता. पहिल्याच दिवशी अशी वागणूक मिळाली तर ती माणसं परत येणार नाहीत आणि घरी जाऊन इतरांनाही हे सांगतील. मला याचं फार वाईट वाटतं, कारण पहिल्या सत्रातल्या वीस मिनिटांनी मला दाखवलं होतं की हे शिक्षण किती मोलाचं आहे. कितीतरी लोकांना त्याची गरज आहे.

माझ्या मागण्या अशा. 38,500 रुपये शुल्क पूर्ण परत मिळावं आणि अनामतीतून कापलेले 15,000 रुपयेही. विमानभाडं आणि हॉटेलचा खर्च मी मागत नाही. माझ्या गाडीतलं संपूर्ण चित्रण मूळ स्वरूपात मिळावं. पंधरा टक्क्यांची सवलत मला नको. याशिवाय आपण लेखी कळवावं, की पुढच्या प्रत्येक ट्रॅक डेला ओल्या ट्रॅकचं ब्रीफिंग वेगळं होईल, सगळे झेंडे शिकवले जातील, पाऊस आल्यावर टायरची हवा आणि खाचा पुन्हा तपासल्या जातील, आणि प्रशिक्षक गाडीत बसू शकत नसेल तर नवशिक्याही ट्रॅकवर जाणार नाही. पैशांइतकंच मला हे शेवटचं हवं आहे. ते मिळाल्याशिवाय मी हे प्रकरण मिटलं असं मानणार नाही.

पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावं. उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंद करीन आणि पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. कार्यक्रम तमिळनाडूत झाला म्हणून तिथेच जावं लागेल असं नाही, तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते. माझ्या गटातल्या आणखी काही जणांनी आपले फोटो आणि म्हणणं माझ्याकडे लेखी दिलं आहे, गरज पडल्यास ते सादर करीन.

कृपया फोन करू नये. यापूर्वी फोनवर जे सांगितलं गेलं ते नंतर कुणीच कबूल केलं नाही.

आपली,
नवशिक्यांच्या गटातील सहभागी, पुणे
(नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक सोबतच्या अर्जात)

सोबत : शुल्काची पावती, पुष्टीची ईमेल, जाहिरातीची प्रत, टायरचे फोटो, अनामत कपातीचा मेसेज, आपल्या उत्तराची प्रत