अर्ध्या विमानाचा पेच

मॅडिसन, विस्कॉन्सिन
सप्टेंबरअखेर

प्रिय दिल्या,

इतके दिवस पत्र नाही म्हणून आधी मनसोक्त शिव्या घालून घे, मग पुढे वाच. तब्येत बरी. गुडघा आहे तसाच, साखर गोळीने आटोक्यात. मेधा मजेत.

आता ऐक. मला एकाने अर्धं विमान देऊ केलंय. दुपंखी. इथे कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न येतो, केवढ्याला? तू विचारशील, कुठलं? म्हणून तुलाच लिहितोय. स्टिअरमन!

इथून दक्षिणेला तासाभरावर ब्रॉडहेड नावाचं गाव आहे. तिथल्या धावपट्ट्या गवताच्या. सप्टेंबरात जुन्या विमानांची मंडळी आपापली विमानं घेऊन तिथे उतरतात. याच राज्यात जुलैमध्ये ऑशकॉशला विमानांच्या जत्रेला लाखो लोक लोटतात, पण तिथे मला नेहमी पंढरपुरात कळसाचं दर्शन घेऊन परतल्यासारखं वाटतं. ब्रॉडहेडला मालक पंखाखाली खुर्च्या टाकून बसलेले असतात आणि विमानाकडे दोन मिनिटं जास्त पाहिलंस तर तुझ्याही हातात खुर्ची येते. एक वाको होती, दुपंखीच, 1927 च्या सुमाराची. ओएक्स-5 इंजिन, पाण्याने थंड होणारं, 90 अश्वशक्तीचं. पहिल्या महायुद्धातली उरलेली इंजिनं स्वस्तात मिळायची म्हणून त्या काळात ती सगळीकडे बसवली. व्हॉल्व्हच्या वरचे दांडे उघडे, त्यांना हातानेच ग्रीस द्यायचं. मालकाने हात मिळवला आणि माझा शर्ट गेला. मेधाने तो फेकला नाही, मला दाखवायला ठेवलाय.

तुझं जुनं मत आठवलं, की दोन पंख म्हणजे दुबळ्या इंजिनाची पळवाट. अर्धंच खरं आहे ते. दोन पंख, मधले खांब आणि तिरक्या तारा मिळून एक ताठ पेटी होते, म्हणून तर लाकूड-कापडाच्या हलक्या अंगावर भागतं. हे मी तुला वसतिगृहाच्या गच्चीवरही सांगितलं होतं. तू ऐकलं नाहीस आणि तुझ्या त्या बाल्साच्या एकपंखी मॉडेलचं काय झालं ते बंड्याला विचार.

तर स्टिअरमन. बोइंगच्या विचिटातल्या कारखान्यात अशी आठ हजारांवर बनली, लष्करी वैमानिकांना पहिले धडे द्यायला. दुसरं महायुद्ध संपल्यावर कवडीमोलाने विकली गेली आणि शेतकऱ्यांनी पुढची सीट काढून तिथे औषधाची टाकी बसवली. या विमानाचाही तोच इतिहास. त्याच्या मालकांनी, म्हातारबाबा म्हणतो मी त्यांना, ते फवारणीवाल्याकडून घेतलं आणि पोरं मोठी होईस्तोवर गॅरेजमध्ये खपून पुन्हा पहिल्यासारखं उभं केलं. मला म्हणाले, "हँडल मार." इंजिनाच्या बाजूला हँडल घालून आतलं जड चाक फिरवायचं, गिरणी सुरू होताना चढतो तसा आवाज चढू द्यायचा आणि बाजूला व्हायचं. सातही सिलिंडर खोकत, धूर ओकत जागे झाले. माझ्या तोंडून "कॉन्टॅक्ट!" निघालं, थेट तुझ्या अण्णांच्या आवाजात. जुहूला अशीच आरोळी देऊन टायगर मॉथ विमानाचा पंखा हाताने फिरवायचे ना ते? इथे त्या आरोळीची काही गरज नव्हती. म्हातारबाबा हसले, आणि मला मात्र पुढचं मिनिटभर कुणाशी बोलता येईना. अण्णा गेले तेव्हा मी आलो नव्हतो. असो.

वरची हवा कशी होती ते नाही सांगत, तू जळशील. गॉगलवर तेलाचे थेंब, एवढंच.

खाली आल्यावर म्हातारबाबांनी विषय काढला. डोळ्यांच्या डॉक्टरने त्यांचं उडणं बंद केलंय. त्या दिवशीही त्यांचा एक मित्र चालवत होता. (तुझा तो एनडीएचा दिवस आठवला. विषय काढू नको म्हणालायस, काढत नाही.) अर्धा वाटा ते जवळजवळ फुकट देतायत. अटी अशा: हिवाळाभर शनिवारी त्यांच्या हाताखाली काम करायचं, विमान कुठल्या छताला टांगायचं नाही आणि हवा चांगली असली की त्यांना वर न्यायचं. मुलांना रस नाही, म्हणाले. आजूबाजूला पाहिलं तर सगळी पांढरी डोकी. सत्तावन्नाव्या वर्षी मला तिथे "यंग मॅन" म्हणाले!

पैशाचं बघता येईल. हँगरचं भाडं, विमा, वर्षाची तपासणी, सगळं मांडून पाहिलंय. झोप उडालीय ती वेगळ्याच कारणाने. माझे सगळे तास सेस्नावरचे, पुढे चाक असलेल्या. याचं तिसरं चाक शेपटीखाली. नाक एवढं वर, की जमिनीवर चालवताना समोरचं काही दिसत नाही, नागमोडीच जायचं. त्यात वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या मागे, त्यामुळे शेपूट एकदा बाजूला सरकली की पुढेच यायला बघते. चाकं जवळजवळ, धड उंच. आडवा वारा, अर्ध्या सेकंदाचा उशीर, की विमान गर्रकन फिरून खालचा पंख गवतात. कापड नवं चढवता येतं, पण पंखातला लाकडी स्पार, म्हणजे पंखाचा कणाच, तडकला म्हणजे? युद्धातल्या पोरांनी आपटलं, फवारणीवाल्याने झाडांवरून नेलं, तरी ते टिकलं. आणि मोडलं कुणी, तर मी! तेही मालक पुढच्या सीटवर असताना. मेधा म्हणते, "गाडीला ओरखडा गेला तर आठवडाभर धड जेवत नाहीस तू." शिकवणारा मिळेल, शिकेनही. पण नाही म्हणालो तर ते कुठल्या तरी हॉटेलच्या छताला लटकेल, हेही दिसतंय.

चिन्मयीचं ठरलं ते कळलं, जावयाला आमचे आशीर्वाद. वहिनींचं ऑपरेशन नीट झालं ना? बिल्डर अजून तसाच झुलवतोय का?

म्हातारबाबांना पहिला बर्फ पडायच्या आत उत्तर हवंय. हो की नाही ते शब्दांत लिही. व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता अंगठा पाठवू नकोस. मागच्या वेळी तुझ्या अंगठ्याचा अर्थ लावून मी फ्लॅट विकत घेतला होता.

तुझा,
शऱ्या