नारळ फुटला म्हणून लगेच पाहुणे बसवू नका

संपादक महोदय,

मुंबई-गोव्याकडची जुनी केबिनची मोटारबोट ट्रेलरवर घालून आणायची, काठावर पूजा करून नारळ फोडायचा आणि त्याच दुपारी सगेसोयरे भरून वैनगंगेत फेरी मारायची, असा बेत गोसेखुर्द धरणाच्या काठी कोणी आखत असेल तर त्याने पहिली फेरी रिकामी मारावी. सोबत चालक, इंजिन समजणारा एक जण आणि त्या पाण्यात जाळे टाकणारा एक ढिवर, एवढेच असावेत. समुद्रात दहा वर्षे चाललेली बोट नदीत तशीच चालेल याची खात्री नसते.

गोड्या पाण्यात बोट किंचित खोल बसते. तो फरक चार टनांच्या बोटीला सेंटिमीटरभरही नसतो, त्याची काळजी नको. काळजी जस्ताची करा. प्रोपेलरजवळ आणि ड्राइव्हच्या, म्हणजे प्रोपेलर फिरवणाऱ्या पाण्यातल्या भागाच्या, पायाला बोल्टने आवळलेले राखाडी तुकडे म्हणजे ॲनोड. ते स्वतः झिजून बाकीचा धातू वाचवतात. समुद्री बोटींना ते बहुधा जस्ताचे असतात. गोड्या पाण्यात जस्तावर पांढरट थर चढतो, ते झिजायचे थांबते आणि गंज थेट ॲल्युमिनियमच्या ड्राइव्हला खाऊ लागतो. नदीसाठी मॅग्नेशियमचे ॲनोड घ्या, निम्मे झिजले की बदला. रंगारी हौसेने त्यांच्यावरही ब्रश फिरवतो, ते करू देऊ नका. रंगाखाली ॲनोड निकामी होतो.

लांबून आलेल्या ट्रेलरची चाके तापलेली असतात. तशीच पाण्यात घातली तर हबमधली हवा एकदम आकसते, सीलमधून पाणी आत ओढले जाते आणि बेअरिंग जाते. म्हणून अर्धा तास थांबा. बोटीच्या मागचे बूच हाताने चाचपून बघा. बोट तरंगली तरी नाकाकडचा पट्टा लगेच सोडू नका. फळी उचलून बुडाशी पाणी येते का ते दहा मिनिटे बघा, ते उपसणारा बिल्ज पंप चालवा. इंजिन पेट्रोलचे आणि बोटीच्या पोटात असेल तर आधी ब्लोअर, म्हणजे आतली हवा बाहेर फेकणारा पंखा, किमान चार मिनिटे चालू ठेवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बुडाशी साचते आणि स्टार्टरच्या एका ठिणगीला पुरते. जुन्या टाकीतले पेट्रोल काढून टाका. त्यातले इथेनॉल पाणी धरते, मग पाणी खाली बसते आणि इंजिन नेमके मधल्या धारेत झटके देते. डिझेलवाल्यांनी फिल्टरच्या खालच्या वाटीतले पाणी सोडावे.

नदीत बहुतेक बोटी बंद पडतात त्या इंजिन थंड ठेवायला नदीचे पाणी ओढणाऱ्या पंपामुळे. पंपातले इम्पेलर म्हणजे रबरी पाकळ्यांचे चाक. बोट वर्षभर उभी राहिली की पाकळ्या एका बाजूला वाकून कडक होतात आणि मुळाशी चिरतात. कोरडे फिरवले तर मिनिटभरातही जळते. बोट घेतली की झाकणाचे स्क्रू काढून इम्पेलर बाहेर घ्या आणि नवे बसवा. जुन्याच्या पाकळ्या मोजा. एखादी कमी असेल तर तो तुकडा पुढे कूलरच्या तोंडाशी अडकलेला असतो. तो काढल्याशिवाय नवे इम्पेलर बसवून उपयोग नाही, इंजिन तापतच राहते.

त्यात आपल्याकडे इकॉर्निया, म्हणजे जलपर्णी. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे वैनगंगेत येते आणि त्यावर ही वनस्पती पोसते. तिच्या मुळांचे केस पंपाकडे येणाऱ्या पाण्याच्या गाळणीत बसतात, वर रेतीचा बारीक कण येतोच. पहिल्या फेरीत दर अर्ध्या तासाने गाळणी उघडा. आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेले इंजिन, असेल तर मागच्या छिद्रातून पडणारी पाण्याची बारीक धार नजरेआड होऊ देऊ नका. धार तुटली किंवा तापमानाचा काटा चढला तर क्रम असा: इंजिन बंद, नांगर खाली, पाण्याचा कॉक बंद, गाळणी साफ, कॉक उघडा, मग स्टार्ट. कॉक उघडायचा विसरणारे पुष्कळ भेटतात. वनस्पती प्रोपेलरला गुंडाळली तर न्यूट्रलवर आणून क्षणभर रिव्हर्स द्या, बरीचशी सुटते. हात घालायचाच झाला तर आधी चावी काढून खिशात.

आता तळाचे. धरणाच्या फुगवट्याखाली बुडालेली शेते, झाडांचे बुंधे, विहिरींचे कठडे, घरांच्या भिंती आहेत. दिवाळीच्या सुमारास जे खोड बोटीच्या दोन मीटर खाली असते, तेच उन्हाळ्यात प्रोपेलरच्या उंचीला येते. खोली दाखवणारे यंत्र बोटीखालचे दाखवते, पुढचे नाही. त्यामुळे अनोळखी भागात चालण्याच्या वेगाने जा, ड्राइव्ह थोडा वर उचलून. रेती घाटांवर तर उपशाने खड्डे आणि उंचवटे शेजारी शेजारी झालेत. जोराची धडक बसली की लहान इंजिनाची पिन तुटते, ती तुटण्यासाठीच असते. दोन-तीन पिना आणि जादा प्रोपेलर जवळ ठेवा. नांगराची दोरी खोलीच्या पाचपट सोडा आणि ती नाकालाच बांधा. मागून नांगरलेली बोट धारेत मागच्या बाजूने पाणी घेते.

थर्माकोल किंवा बाटल्यांचे तरंगते ठोकळे दिसले की वळसा घाला. जाळी सहसा संध्याकाळी टाकतात आणि पहाटे उचलतात, तेव्हा फेरी दिवसा ठेवा. जाळे कापले गेलेच तर भरपाई द्या, ते एका घराचे भांडवल असते.

बोटीला ब्रेक नसतो हे नवा चालक काठाशी येईपर्यंत मानत नाही. काठाला नेहमी धारेला तोंड करून या, पाणीच वेग मारते. रिव्हर्समध्ये उजव्या फेऱ्याच्या प्रोपेलरने शेपूट डावीकडे सरकते. तिकडचाच काठ धरायची सवय केली तर बोट अलगद लागते. इंजिन बंद करणारी दोरी चालकाच्या जॅकेटला अडकवलेली हवी. इंधनाचा एक तृतीयांश जाताना, एक तृतीयांश येताना, उरलेले हात न लावता.

पाहुणे नंतर, तेही पाटीवर लिहिलेल्या संख्येइतकेच. केबिनच्या छतावर कोणी नाही. फोटोसाठी सगळे एका बाजूला सरकले तर छतावरच्या पाच जणांचे वजनच बोट कलती करते. सप्टेंबर २०२१ मध्ये वरुड तालुक्यात झुंजजवळ वर्धा नदीत नाव उलटून ११ जण गेले, जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यात मिरची तोडायला निघालेल्या बाया वैनगंगेत बुडाल्या. त्या लहान नावा होत्या, पण जास्तीचा भार आणि अंगावर नसलेले जॅकेट ही भीती मोठ्या बोटीतही तीच. जॅकेट केबिनच्या कपाटात नको, पट्टे आवळून अंगावर हवे, पोरांना त्यांच्या मापाचे. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वावधन, म्हणजे वादळी वारा, उठते, तेव्हा तीनच्या आत काठाला लागा.

२०२१च्या अंतर्देशीय जहाज कायद्यानुसार यांत्रिक बोटीला नोंदणी, तपासणीचे प्रमाणपत्र आणि विमा लागतो. कागद हाती येईपर्यंत तिकीट लावू नये. जलसंपदा विभागाकडेही एक मागणी आहे. दरवर्षी पाणी उतरते तेव्हा बुंधे, विहिरी आणि भिंती उघड्या पडतात. त्याच दिवसांत त्यांच्यावर रंगीत तरंगते पिंप बांधावेत आणि त्या जागांचा नकाशा मासेमारी सोसायट्यांना व बोटवाल्यांना द्यावा.

— बोटीची इंजिने दुरुस्त करणारे काही वाचक, पवनी, जि. भंडारा