सांता फेला निघण्यापूर्वी

धुळे
अनंत चतुर्दशीनंतर

चि. बंडूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास की ऑक्टोबरच्या सुरुवातीला सुटी काढून सगळे न्यू मेक्सिको राज्यातल्या सांता फेला जाणार. काय बघायचं ते विचारलंस, पण तुझी आई बोलायला लागल्यावर फोन माझ्या हाती येत नाही. म्हणून हे पत्र. मागच्या खेपेला तुला सुटी मिळाली नाही आणि आम्ही सूनबाईच्या माहेरच्या मंडळींबरोबर जाऊन आलो, तेव्हाचं अजून ताजं आहे.

लोरेटो चॅपलचा लाकडी जिना सगळेच सांगतील. मधला खांब नसताना दोन पूर्ण वेढे घेत वर जातो, बघण्यासारखा आहे, अर्ध्या तासात उरकतं. माझं म्हणणं एवढंच की पहिली सकाळ पाटाला द्या. पाटबंधारे खात्यात आयुष्य गेलेला बाप दुसरं काय सांगणार! प्लाझापासून, म्हणजे गावाच्या मधल्या चौकापासून, चालत जाण्याच्या अंतरावर असेकिया माद्रे नावाचा रस्ता आहे. त्याच्या कडेने त्याच नावाचा पाट जातो. उडी मारून ओलांडता येईल एवढाच. पाणी असेल किंवा नसेलही, कारण सांता फेची नदी फार बारीक आणि वरच्या अंगाला धरणं आहेत. पण स्पॅनिश लोकांनी १६१०च्या सुमारास हे गाव वसवलं, तेव्हा आधी नदीचं पाणी वळवून जमीन भिजवली, आणि तो पाट चारशे वर्षांनंतरही चालू आहे. स्पेनने ही विद्या मूरांकडून, म्हणजे तिथे पूर्वी राज्य केलेल्या उत्तर आफ्रिकेकडच्या मुसलमानांकडून, घेतली होती, आणि सांता फेच्या भागातल्या मूळ रहिवासी प्वेब्लो लोकांनाही शेतं भिजवणं नवीन नव्हतं.

मला रस वाटला तो कारभारात. पाटाचा एक मायोरडोमो असतो, सभासदांनी निवडलेला. कुणाची पाळी कधी, हे तो ठरवतो. वसंतात सगळ्यांनी मिळून पाटातला गाळ, पालापाचोळा काढायचा, स्वतः यायचं नाहीतर बदली माणूस द्यायचा. मला लगेच पांझरा नदीवरचे फड, म्हणजे पाटाच्या पाण्यावर सगळ्यांनी मिळून भिजवायची शेती, आठवले. आपल्याकडेही पाटकरी, हवालदार, जागल्या ही माणसं गावानेच नेमलेली, आणि पाट साफ करायला घरटी माणूस. फरक एवढाच की आपल्या फडात पीकही सगळ्यांनी मिळून ठरवायचं असतं, तिथे ज्याचं त्याने. आता त्या पाटावर शेती फारशी उरलेली नाही, बागा आणि जर्दाळूची झाडं आहेत, आजूबाजूला घरं महाग झाली आहेत. तरीही पाट साफ होतो, आणि ते गाव इतकी वर्षं टिकलं ते अशा दरसालच्या सामाईक कामावर, असं माझं मत झालं. म्युझियमं नंतर बघा.

पाण्याचं महत्त्व दुसऱ्या बाजूनेही कळतं. १६८०च्या ऑगस्टमध्ये प्वेब्लो लोकांनी स्पॅनिश राजवटीविरुद्ध उठाव केला. पोपे हा त्यांचा म्होरक्या. गावोगाव धावणारे निरोपे गाठी मारलेल्या दोऱ्या घेऊन गेले. रोज एक गाठ सोडायची, शेवटची सुटली की उठायचं. सांता फेला वेढा पडला, तेव्हा त्यांनी गव्हर्नरच्या वाड्याकडे जाणारं पाणी तोडलं. काही दिवसांत स्पॅनिश लोक गाव सोडून निघाले, ते बारा वर्षं परतले नाहीत. तो वाडा, पॅलेस ऑफ द गव्हर्नर्स, अजून प्लाझाच्या उत्तर बाजूला उभा आहे. छकुलीला दोरीची गोष्ट तिथेच उभं राहून सांग.

वाड्याच्या ओसरीत प्वेब्लो, नवाहो वगैरे कारागीर जमिनीवर कापड पसरून चांदीचे आणि फिरोज्याचे दागिने विकतात. रोज सकाळी चिठ्ठ्या टाकून जागा ठरतात, आणि माल स्वतः किंवा घरच्यांनी केलेलाच लागतो. सूनबाईला काही घ्यायचं असेल तर इथेच घ्या, आणि घासाघीस करू नका. किंमत जास्त वाटेल, ती बरोबर आहे.

घरांबद्दल तुला वेगळं सांगायला नको, आजोळचं धाब्याचं घर तू पाहिलेलं आहेस. माती, गवताचा भुसा, उन्हात वाळवलेल्या विटा, वर सरे टाकून सपाट छप्पर आणि पाणी काढायला पन्हाळी. त्याला तिथे अडोबी म्हणतात. मात्र गावातली कितीतरी घरं आतून काँक्रीटची किंवा लाकडी सांगाड्याची आणि वरून मातकट गिलावा दिलेली आहेत, कारण १९५७पासून जुन्या भागात बांधकामाचं रूप कसं असावं याचा नियमच आहे. मला आधी हे सोंग वाटलं. पण आपल्याकडे धाबी पाडून स्लॅब पडले, तेव्हा कोणी हूं की चूं केलं नाही, हेही आठवलं. खरी माती बघायची तर टाओसकडे जा. रांचोस दे टाओसचं चर्च तिथले लोक दरवर्षी एकत्र येऊन मातीने लिंपतात. टाओस प्वेब्लो या प्वेब्लो लोकांच्या जुन्या गावात अजून वस्ती आहे, त्यामुळे फोटोबाबतचे त्यांचे नियम पाळा. लोकांच्या अंगणात आपण उभे असतो.

आता खाणं. हॉटेलात बसलात की विचारतील, "लाल की हिरवी?" हा त्या राज्याचा अधिकृत प्रश्न आहे, चेष्टा नाही. मिरचीची कुठली चटणी हवी ते सांगायचं. दोन्ही हव्या असतील तर "ख्रिसमस" म्हणायचं. लाल म्हणजे तीच मिरची झाडावर पिकलेली. मिरची मुळात त्यांच्याच खंडातली, पोर्तुगिजांनी आपल्याकडे आणली, तेव्हा तिखटाचा गर्व फार करू नकोस. तुम्ही जाल तेव्हा बाजारात जाळीच्या पिंपात गॅसच्या ज्वाळेवर हिरव्या मिरच्या भाजणं चालू असेल. शनिवारी रेलयार्डचा शेतकरी बाजार गाठा. आईची सूचना अशी: लाल चटणीत मांस आहे का आणि घोटलेल्या राजम्यात डुकराची चरबी आहे का, हे दोन्ही विचारूनच मागव. काल्बासितास बिनधास्त घ्या, भोपळा, मका आणि मिरची यांची भाजी असते. सोपापिया छकुलीला आवडेल, टम्म फुगलेली पुरीच, कोपरा तोडून आत मध ओतायचा.

तुम्ही डॅलसच्या सपाटीवरून जाणार आणि सांता फे सात हजार फुटांवर आहे. आपलं कळसूबाई ५,४०० फूट. म्हणून पहिल्या दिवशी डोंगर चढू नका, पाणी भरपूर प्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ॲस्पेन व्हिस्टाची वाट करा. ती दहा हजार फुटांच्या आसपास सुरू होते आणि त्या दिवसांत ॲस्पेनची पानं पिवळीधमक झालेली असतात. जाड स्वेटर हवा.

बँडेलियरच्या जुन्या कोरीव वस्तीसाठी एक दिवस ठेवाच. तिथला दगड आपल्या काळ्या कातळासारखा नाही, ज्वालामुखीची राख घट्ट होऊन झालेला, मऊ. प्वेब्लोंच्या पूर्वजांनी त्यात खोल्या कोरल्या. अल्कोव्ह हाऊस १४० फूट उंचावर, लाकडी शिड्यांनी चढावं लागतं. मी गुडघ्यांमुळे खाली बसलो, तुझी आई वर गेली आणि वरून माझ्याकडे बघून हात हलवत होती. छकुलीला शिडीवर पुढे ठेव, तू मागे राहा.

अल्बुकर्कीपर्यंत विमानाने गेलात तर पुढे रेल रनर गाडी आहे. दारं बंद होताना कार्टूनमधल्या रोडरनर पक्ष्यासारखं 'बीप बीप' वाजतं. बँडेलियर आणि टाओससाठी मात्र गाडी भाड्याने घ्यावी लागेल.

आईला चिमायोची लाल मिरची पूड हवी आहे, अर्धा किलो. दिवाळीला येताना आण, आणि पाकीट दोन पिशव्यांत बांध, मागच्या वेळी माझे सगळे सदरे तिखट झाले होते.

तुझे
नाना